माझ्या खालचं नाक

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी सहसा कोणावर विश्वास ठेवत नाही. मी चष्मा आहे. जुना, बारीक तारेच्या चौकटीचा, आता एका काडीने जरा लुळा पडलेला. सगळं आयुष्य माणसाच्या डोळ्यांपुढे बसून काढलं. माणसं काय बघतात, आणि काय बघूनही बघितलं नाही असं दाखवतात, ते इतक्या जवळून पाहिल्यावर स्वभाव संशयी होणारच. तुम्ही मला त्याबद्दल नावं ठेवलीत तरी माझी हरकत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब तार एका टोकाने यंत्रात जायची आणि दुसऱ्या टोकाने आम्ही भावंडं बाहेर पडायचो, सगळी एकसारखी, सगळी बिनकाचेची. तिथून खोक्यात बसून मी एका दुकानात आलो. दुकानदाराला सगळे चष्मेवाले काका म्हणत. काका मला गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायचे, दोन पावलं मागे सरायचे आणि म्हणायचे, "वा, तुमच्यासाठीच बनवलाय जणू." चेहरा गोल असो, लांब असो, चौकोनी असो, वाक्य तेच. माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथे.

मग ती आली. एका गल्लीत तळमजल्यावर तिची खोली होती आणि त्या खोलीत ती पुस्तकं बांधायची. तिचं नाक मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चकितच झालो. वरून सरळ खाली येता येता त्याने मध्येच विचार बदलला होता आणि एक छानसा उंचवटा काढला होता. काकांनी मला त्या उंचवट्याच्या वर ठेवलं. मी जो बसलो तो बसलोच. माझ्या दोन बारक्या पारदर्शक गाद्या तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना अशा टेकल्या की काकांना पक्कड हातात घ्यावी लागली नाही. त्या दिवशी त्यांनी ते नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि मला वाटतं तेव्हा एकदाच ते खरं होतं.

पुढची वर्षं माझी सुखाची गेली. ती दिवसभर मान खाली घालून बसायची. फाटक्या पुस्तकाची जुनी शिवण उसवायची, पानं जुळवायची, सुई-दोऱ्याने पुन्हा शिवायची, कण्याला खळ लावायची आणि वर पुठ्ठा चढवायची. मान खाली गेली की भले भले चष्मे घसरतात. मी घसरलो नाही, कारण खालून तो उंचवटा मला अडवून धरायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "चष्मा शोभतो हं तुम्हाला." मी मनातल्या मनात फुगायचो. पण ती म्हणायची, "नाक झाकतो ना थोडं, म्हणून." आता हे उत्तर काही कौतुकाचं नव्हतं. तिच्या आणि तिच्या नाकाच्या मध्ये काहीतरी बिनसलेलं आहे, हे मला तेव्हाच कळलं.

शाळेत तिला 'चोच' म्हणत. हे मला तिच्या आईकडून कळलं. आई अधूनमधून यायची आणि पुठ्ठ्यांच्या ढिगाशेजारी स्टूल ओढून बसायची. आईचंही नाक हुबेहूब तसंच, तोच उंचवटा. आई ते नाक घेऊन ताठ मानेने जगली होती आणि त्यावर माशी बसू देत नव्हती. मुलीने तक्रार केली की आई म्हणायची, "काय अडलं माझं ह्या नाकाने? नोकरी झाली, संसार झाला, तू झालीस." माझी मालकीण गप्प बसायची. ती पटून गप्प बसते असं आईला वाटायचं. मला वाटत नव्हतं.

त्यात तिच्या नवऱ्याने भर घातली. नवरोबा फोटोंना आणि चित्रांना चौकटी बसवायचा, दोन दुकानं सोडून पलीकडे. माणूस चांगला, पण त्याला वाकडं काही बघवायचं नाही. कोणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरचं चित्र सरळ करणार, मग पाण्याचा पेला हातात घेणार. त्याने एकदा ती कामात असताना बाजूने तिचा फोटो काढला, मोठा केला, गडद लाकडाची चौकट बसवली आणि तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगला. त्याला तो फार आवडला होता. ती रोज सकाळी माझ्यातून तो फोटो बघायची आणि मान खाली घालायची. दुसऱ्या कोणी लावला असता तर तिने काढून फेकला असता, पण नवऱ्याने प्रेमाने लावलेला फोटो कसा काढणार? ह्या घरातली माणसं एकमेकांना दुखवायला इतकी घाबरायची की बोलायचीच नाहीत. कुठेतरी पाणी मुरत होतं आणि वरून भिंत कोरडी दिसत होती.

एक दिवस ती मला घेऊन एका डॉक्टरकडे गेली. हे डॉक्टर सारखे हसत असत. आत आलं की हसत, बसा म्हणताना हसत, आणि नाकाकडे बघून तर फारच हसले. त्यांनी तिला फोटोसाठी मला काढायला सांगितलं. मी टेबलावर पडून राहिलो. मग त्यांनी संगणकावर तिच्या फोटोतलं नाक कमी केलं, सरळ केलं, टोक किंचित उचललं, आणि पडदा तिच्याकडे वळवला. "कसं वाटतं?" ती डोळे बारीक करून पुढे वाकली आणि म्हणाली, "छान." मित्रांनो, जिला माझ्याशिवाय हातभर अंतरावरचं धड दिसत नाही, तिने आपलं नवं नाक माझ्याशिवाय पसंत केलं. मला पाय असते तर मी स्वतः उडी मारून तिच्या डोळ्यांवर बसलो असतो.

घरी आईचा आणि तिचा मोठा खटका उडाला. आई म्हणाली, "नको म्हणजे नको. देवाने दिलेलं धडधाकट नाक कापून घ्यायचं?"

"आई, नाक माझं आहे."

"तुझं आहे ना? मग उद्या काही बिघडलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

आई रागात बोलली आणि निघून गेली. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत ती ते विसरलीही असेल. मालकीण विसरली नाही.

शस्त्रक्रिया झाली. नाकावर कडक पट्टी आली आणि नाकावर काही टेकवायचं नाही असा हुकूम निघाला. पण मालकिणीला माझ्याशिवाय चालायचंही अवघड. मग नर्सने काय केलं असेल? मला चिकटपट्टीने कपाळाला चिकटवलं. मी अधांतरी लोंबकळत होतो. एकेकाळी हक्काच्या जागेवर बसणारा मी, आणि माझी ही दशा. लोक यायचे, माझ्याकडे बघून हसू दाबायचे आणि तिला म्हणायचे, "छान दिसेल हं आता." अजून पट्टी निघाली नव्हती, छान दिसेल हे ह्यांना कसं कळलं, असं मला विचारावंसं वाटायचं.

पट्ट्या निघाल्या. आणखी काही आठवड्यांनी मला माझ्या जागी बसवलं. जागाच नव्हती. उंचवटा गेला होता. ती पुस्तकावर वाकली की मी सरकत सरकत नाकाच्या शेंड्यावर यायचो, आणि एकदा तर थेट खळीच्या भांड्यात पडलो. चष्मेवाल्या काकांनी माझ्या गाद्या बदलल्या, काड्या कानामागे जास्त वळवल्या. मग मी टिकलो, पण वाकडा. डावीकडे थोडा खाली. काकांनी एक गादी वर ओढली, दुसरी खाली दाबली आणि मला सरळ बसवलं. "नाक थोडं डावीकडे दबलंय का हो?" ते म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून लगेच म्हणाले, "छे, चष्माच जुना झालाय." माझ्यावर ढकललं, बघा.

आईने नवं नाक पाहिलं आणि विचारलं, "झालं तुझ्या मनासारखं?"

"हो, अगदी," मालकीण म्हणाली. तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. मी बघत होतो. आईला ते दिसलं नाही, कारण मध्ये माझ्या चमकत्या काचा होत्या.

इथून पुढे घरात काहीतरी काळंबेरं सुरू झालं. मालकीण रोज सकाळी आरशापुढे उभी राहायची आणि पुस्तकांची मापं घ्यायची पोलादी पट्टी कपाळापासून हनुवटीपर्यंत उभी धरायची. मग पट्टीच्या हिशेबाने मी किती झुकलोय ते बघायची. एका दिवशी मी सरळ असायचो. दुसऱ्या दिवशी उजवीकडे वर. तिसऱ्या दिवशी डावीकडे. ती नवऱ्याला म्हणायची, "बघ, कालच्यापेक्षा आज सरकलंय."

"मला तर सरळच दिसतं," नवरोबा म्हणायचा.

"तुला भिंतीवरचं चित्र केसभर वाकडं असलं तरी दिसतं, आणि माझं नाक दिसत नाही?"

त्यावर तो उठून आपल्या दुकानात निघून जायचा. माझ्या मनात सगळ्यांची उलटतपासणी चालू होती. आधी मला नाकाचाच संशय आला. एकदा कापलेलं नाक, त्याचा काय भरवसा? मग नवरोबाचा आला. मालकीण उठायच्या आधी रोज सकाळी कोणीतरी मला माझ्या घरातून उचलायचं. चष्म्याचं घर म्हणजे ती कडक डबी, तुम्हाला माहीत आहेच. ते हात गरम असायचे, लाकडाच्या भुशाने माखलेले, आणि ते मला कुठेतरी पिळायचे. मला वाटलं, हा मला मोडणार. कारण कपाटात कॉन्टॅक्ट लेन्सची नवी डबी आलेली मी पाहिली होती. माझा काटा काढायचा आणि डोळ्यांत त्या चकत्या घालायच्या, असा ह्या दोघांचा डाव दिसत होता. मी डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागलो, पण डबीत झाकण लावून ठेवलेल्या चष्म्याचा पहारा तो केवढा असणार.

आणखी एक गोष्ट होती. कागद कापताना धूळ उडते म्हणून ती तोंडाला फडकं बांधायची. पूर्वी फडकं बांधलं की तिच्या श्वासाने माझ्या दोन्ही काचा सारख्याच धुरकट व्हायच्या. आता उजवी काच धुरकट व्हायची आणि डावी लख्ख राहायची. मला वाटलं, डावी काच फितूर झाली. तिला विचारलं, तर ती म्हणाली, मी काय करू, माझ्याकडे वाफ येतच नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

एकदा एका गिऱ्हाइकाने बांधून नेलेला शब्दकोश परत आणला. पुस्तक उघडलं की आंबूस वास मारत होता. खळ आंबली होती आणि तिने तीच लावली होती. नवरोबा दारातूनच म्हणाला, "अगं, हा वास तर गल्लीपर्यंत येतोय." तिने भांडं नाकाजवळ नेलं, मग पुन्हा नेलं, आणि म्हणाली, "हो, येतोय खरा." मी तिच्या नाकावर होतो. ती खोटं बोलत होती, आणि का बोलत होती ते मला समजेना.

शेवटी ती त्या हसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा गेली. नाक दिवसागणिक सरकतंय असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी नाक दोन बोटांत धरून इकडे तिकडे केलं. "होतं असं. आतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, सरकते. छोटंसं काम आहे, दबलेल्या बाजूला वरून थोडी भर घालू, एकदम सरळ दिसेल. उशीर नको करायला." ते हसले आणि त्यांनी तारीख दिली. रोज सरकणारं नाक ह्यांनी दोन बोटांत हलवून पाहिलं, तरी ते स्वतः कधी सरकताना पाहायची त्यांना गरज वाटली नाही. मला हे ठीक वाटलं नाही. पण मी कोण विचारणारा?

तारीख जवळ आली. त्या आठवड्यात एका सकाळी मालकीण नेहमीपेक्षा लवकर उठली. नवरोबा खिडकीत उभा होता. एका हातात मी, दुसऱ्या हातात बारकी पक्कड. खिडकीच्या कट्ट्यावर त्याने आपली पाणसळ ठेवली होती, चित्र सरळ लागलं की नाही ते बघायची ती काचेची नळी, जिच्यात पाण्याचा बुडबुडा मध्यावर आणायचा असतो. त्याने मला त्या पाणसळीवर टेकवून धरलं होतं आणि माझी डावी गादी तो अगदी हळू वळवत होता.

"काय करतोयस?" ती दारातून म्हणाली.

तो दचकला. "सरळ करतोय."

"कधीपासून?"

"तू पट्टी धरून रडायला लागलीस तेव्हापासून. चष्मा सरळ बसला की तुझा दिवस बरा जातो. पण दुपारपर्यंत गादी पुन्हा वळते. कधी माझ्याच हातून जास्त वळते."

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे रोज सरकत होतं ते नाक नव्हतं."

"नव्हतं."

"अरे, ते सरकतंय म्हणून मी पुन्हा कापून घ्यायला निघाले होते."

नवरोबाने पक्कड खाली ठेवली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मित्रांनो, मी ज्याला माझा मारेकरी समजत होतो, तो मला रोज बरं करत होता. आणि त्याच्या त्या मायेने ती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊन पोचली होती. ह्या घराशिवाय हे कुठे घडलं असतं, मला माहीत नाही.

"खरं सांग," ती म्हणाली. "वाकडं आहे का?"

"आहे. थोडं. डावीकडे दबलंय. मला पहिल्या दिवसापासून दिसतंय."

"मग सरळ आहे म्हणून का सांगत होतास?"

"दुसरं काय सांगणार होतो तुला?" तो तिच्यासमोर बसला. "पण तूही सांग. नुसतं वाकडं आहे, एवढाच त्रास आहे का?"

तिने मला त्याच्या हातातून घेतलं, पण डोळ्यांवर लावलं नाही. मांडीवर धरून ठेवलं. तिच्या बोटांना घाम होता.

"श्वास येत नाही रे," ती म्हणाली. "डावीकडून अजिबात येत नाही. वासही येत नाहीत नीट. झोपेत तोंड उघडं राहतं, सकाळी घशाला कोरड पडलेली असते. पट्ट्या काढल्या तेव्हापासून."

"आणि तू हे कोणालाच बोलली नाहीस?"

"कोणाला बोलू? हट्ट माझा होता."

मी सुन्न झालो. सगळ्यांवर संशय घेतला मी, काकांवर, डॉक्टरांवर, नवरोबावर, बिचाऱ्या डाव्या काचेवरही. मालकीण स्वतः दार लावून आत गुदमरतेय, ही शंका काही मला आली नाही, आणि मी तर तिच्या श्वासाच्या दोन बोटं वर बसलो होतो.

हसऱ्या डॉक्टरांची तारीख तिने रद्द केली. दोघं एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई वयस्कर होत्या, त्यांच्या खोलीत संगणकावर नाकांची चित्रं नव्हती, आणि त्या एकदाही हसल्या नाहीत. त्यांनी एक गार पोलादी पत्रा तिच्या नाकाखाली आडवा धरला आणि म्हणाल्या, "नेहमीसारखा श्वास सोडा." पत्र्यावर उजवीकडे वाफेचा चांगला मोठा डाग उठला. डावीकडे तांदळाच्या दाण्याएवढा उठला आणि लगेच विरला. त्यांनी पत्रा तिला दाखवला. माझी डावी काच माझ्याकडे बघत होती. मी तिची माफी मागितली.

बाईंनी आत दिवा टाकून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "मागच्या वेळी आतला आधार जरा जास्त काढला गेलाय. श्वास ओढला की डावी भिंत आत बसते. कानामागची थोडी कूर्चा घेऊन तिथे टेकू देता येईल. श्वास बराच सुधारेल. पण टेकू दिला की नाक रुंद होणार. आणि दुसऱ्यांदा उघडलेलं नाक कसं भरून येईल, ह्याची हमी मी देत नाही."

"आणि वरून भर घालून सरळ केलं तर?" मालकिणीने विचारलं.

"दिसेल सरळ. आतली वाट आणखी अरुंद होईल."

"काहीच नाही केलं तर?"

"तर आहे तसंच राहील. मरणार नाही तुम्ही. तोंडाने श्वास घेत जगणारी माणसं पुष्कळ आहेत." बाईंनी हातमोजे काढले. "घाई नाही. पण सुंदर नाक हवं असेल तर माझ्याकडे येऊ नका."

मी ह्या बाईंवर संशय घ्यायचा खूप प्रयत्न केला. पण जी बाई कशाची हमीच देत नाही, तिच्यावर संशय घ्यायचा तरी कशावरून?

पुढचे दिवस मालकिणीचे फार वाईट गेले. ज्या नाकासाठी तिने आईशी वैर घेतलं होतं, ते नाक आता श्वासासाठी रुंद करून घ्यायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. शिवता शिवता ती थांबायची, सुई हातात तशीच. कधी आरशात बघून म्हणायची, काय वाईट आहे हे? चालतंय की. मग जिना चढताना धाप लागायची आणि ती मधल्या पायरीवर कठडा धरून उभी राहायची. नवरोबा घरात कुठलंच चित्र सरळ करेनासा झाला. भिंतीवर दोन चित्रं तशीच तिरकी लटकत होती.

मग आई आली. नेहमीप्रमाणे स्टूल ओढून बसली. मालकिणीने हातातलं पुस्तक मिटलं.

"आई, तुला एक सांगायचंय. मला डाव्या नाकपुडीने श्वास येत नाही. त्या शस्त्रक्रियेपासून."

आई स्टूलावरून पुढे सरकली. "पण तू तर अगदी मनासारखं झालं म्हणाली होतीस."

"तू म्हणाली होतीस, बिघडलं तर रडत यायचं नाही."

"मी असं म्हणाले होते?"

"हो."

"आणि तुला ते खरं वाटलं?" आईचा आवाज बारीक झाला. "अगं, आई म्हणतेच असं. तू सांगितलं असतंस तर मी बोलले असते. चांगले दोन दिवस बोलले असते. आणि मग तुझ्याबरोबर आले असते, कुठे जायचं तिथे."

मालकिणीने मला काढून टेबलावर ठेवलं. मग उजवी नाकपुडी बोटाने बंद केली आणि श्वास ओढला. डावी बाजू पिशवीसारखी आत बसली. घशातून घरघर आली. आईने ते पाहिलं. तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आता तूच सांग, करू का नको?" मालकीण म्हणाली.

"मला नको विचारूस. मागच्या वेळी मी नको म्हणाले, म्हणून तू जास्तच हट्टाने केलंस. आता हो म्हणाले तर करणार नाहीस." आईने नाक पुसलं. "ह्या वेळी कोणाच्या नाकावर टिच्चून काही करू नकोस. तुझं तू ठरव."

मालकीण हसली. मला आठवतं तसं, कितीतरी महिन्यांनी. मग तिने फोन उचलला आणि आईसमोरच डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "श्वासाचं करा. नाक रुंद होईल, ते मला आवडणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे. तरी करा."

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिने मला आईच्या हाती दिलं. मी आईच्या पिशवीत, किल्ल्या आणि रुमालाच्या मध्ये, दवाखान्याच्या बाकावर पडून होतो. दार उघडलं की मला वाटायचं, काहीतरी वाईट सांगायला कोणी आलं. नर्स हळू बोलते, म्हणजे काहीतरी लपवते. नर्स मोठ्याने बोलते, म्हणजे आणखीच काहीतरी लपवते. नवरोबा येरझाऱ्या घालत होता आणि त्याच्या चपलांचा आवाज थांबला की माझा जीव टांगणीला लागायचा. मित्रांनो, संशय मला आयुष्यभर पुरला, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा तो नकोसा झाला.

काही दिवसांनी नाकातले बोळे काढायला तिला पुन्हा नेलं. ती उंच खुर्चीत बसली होती, चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली निळे डाग. मी पिशवीत होतो, पण पिशवीचं तोंड उघडं होतं म्हणून सगळं दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी एक बोळा काढला, मग दुसरा. "घ्या हळूच," त्या म्हणाल्या. तिने तोंड मिटलं. श्वास आत गेला, पुन्हा गेला. आई तिच्या जवळ वाकून उभी होती. माझ्याशिवाय तिला आईचा चेहरा धड दिसत नव्हता.

"आई," ती म्हणाली, "तू साबण बदललास का?"

"कधीच बदलला गं," आई म्हणाली. "वर्ष होऊन गेलं."

आणि आई तिथेच, डॉक्टरीणबाईंच्या समोर, रडायला लागली.

आता माझं सांगतो. सूज ओसरल्यावर तिचं नाक खरंच रुंद झालं आणि माझ्या दोन गाद्या त्याला चावायला लागल्या. त्या गाद्या इतक्या वेळा वळवलेल्या होत्या की त्या आणखी वळेनात. चष्मेवाल्या काकांनी तिला रुंद चौकटीचा नवा चष्मा दिला आणि तेच जुनं वाक्य म्हटलं. मी तिच्या टेबलाच्या खणात असतो, सुया आणि दोऱ्याच्या रिळांबरोबर. नवा चष्मा सापडला नाही की तो सापडेपर्यंत ती मला लावते. तेव्हा मला दिसतं, कधीकधी ती आरशात बाजूने बघते आणि उसासा टाकते. नाक तिला आवडलेलं नाही. पण उसासा दोन्ही बाजूंनी येतो. माझ्या दोन्ही काचा धुरकट होतात.

म्हणून मित्रांनो, जाता जाता दोन गोष्टी मागतो. घरातला चष्मा दोन्ही हातांनी काढा, काचा वरच्या बाजूला करून ठेवा आणि त्याच्यावर बसू नका. आणि तुमच्या घरात कोणी रोज आरशापुढे जास्त वेळ उभं राहत असेल, तर घाईने "छान दिसतंय" म्हणू नका, आणि गुपचूप त्याला सरळ करायलाही जाऊ नका. जवळ बसा, काय होतंय ते विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तरी उठू नका. मी तिच्या नाकावर बसून होतो, सगळं बघत होतो, पण विचारू शकलो नाही. तुम्हाला बोलता येतं.